पोटपट्टा आणि लालासाहेब चेकर

१

सकाळी पावणेनऊला सिस्टर अक्षतानं कपाट उघडलं, आतला पत्र्याचा डबा काढला आणि ती किंचाळली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टर सरतापे यांच्या दवाखान्यातला पोटपट्टा नाहीसा झाला होता. ज्यांच्यासाठी तो आज लागणार होता ते लालासाहेब फाळके त्या वेळी संडासात होते.

पहाटेपासूनची ती त्यांची आठवी खेप. आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. होतं ते औषधाचं खारट पाणी, आणि तेही आत थांबायला तयार नव्हतं. तीस वर्षं सातारा विभागात तिकीट चेकर म्हणून ज्यांनी नुसता हात करून भरल्या एसटी थांबवल्या, त्यांना आज स्वतःचं पोट थांबवता येत नव्हतं.

ते भिंतीला धरत बाहेर आले तेव्हा पॅसेजमध्ये सगळा दवाखाना गोळा झाला होता. डॉक्टर धम्मपाल सरतापे आपल्या रिकाम्या हातांकडे बघत उभे होते. चाळिशीचा, बारीक अंगाचा, कधी आवाज न चढवणारा माणूस. गेले आठ महिने त्यांचा जीव या पट्ट्यात अडकला होता.

पट्टा तसा साधाच. मोठ्या आतड्यात दुर्बिणीची नळी सरकवताना ती वळणावर अडते, पोटात वेटोळं घालते आणि माणूस कळवळतो. मग सिस्टर दोन्ही हातांनी पोट दाबून धरते. हे दाबून धरायचं काम पट्ट्यानं करावं, अशी डॉक्टरांची कल्पना. जाड कापडाचा रुंद पट्टा, आत मऊ गाद्या, आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राला असते तशी रबरी पिशवी. फुगा दाबला की पिशवी हवेनं भरते आणि पोटाला सगळीकडून सारखा आधार मिळतो. एकोणीस जणांवर तो वापरून झाला होता. विसावे आणि शेवटचे लालासाहेब. ते बघायला पुण्याचे एक मोठे डॉक्टर मुद्दाम आले होते आणि दुपारी तीनच्या गाडीनं परत जाणार होते.

"काका, पट्ट्याशिवायही तपासणी करता येईल," डॉक्टर म्हणाले. "थोडं दुखेल, पण करू."

लालासाहेबांच्या कपाळाला घाम आला. चार महिने त्यांना शौचातून रक्त पडत होतं. मागं साताऱ्यात ते एकदा या तपासणीला गेले होते. पहिल्याच वळणाला अशी कळ आली, की ते टेबलावरून उतरले आणि मागून उघड्या असलेल्या त्या झग्यातच रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले. ही गोष्ट त्यांच्या पत्नीनं, मुक्ताबाईंनी, कुणालाही सांगितली नव्हती. म्हणजे फक्त माहेरी सांगितली होती.

"पट्टा न्हाई तर आमी न्हाई," लालासाहेब म्हणाले. "मुक्ता, पिशवी भर."

मुक्ताबाई बाकावरून उठल्याही नाहीत. "आवं, म्हंजी रगत तसंच जाऊ द्यायचं? आज परत गेला तर पुन्यांदा यायचं न्हाई तुमी. मी वळकते तुमास्नी."

ओळखत त्याही होत्या आणि लालासाहेबही स्वतःला ओळखत होते. आज या दारातून बाहेर पडलो तर पुन्हा आत पाऊल पडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भीती खरी होती आणि रक्तही खरं होतं. दोन्हीच्या मध्ये एक हातभर रुंद पट्टा होता, तोच कुणीतरी नेला होता.

त्यांनी झग्याची नाडी घट्ट केली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. ही नजर जुनी होती. भरल्या गाडीत चढल्यावर ते आधी तिकिटं बघत नसत, माणसं बघत. तिकीट नसलेला माणूस खिडकीबाहेर बघतो. तिकीट असलेला निवांत चेकरकडे बघतो.

पॅसेजमध्ये सहा-सात माणसं होती. त्यातले तिघे खिडकीबाहेर बघत होते.

"डॉक्टर," लालासाहेब म्हणाले, "एक वाजेपर्यंत पट्टा तुमच्या हातात देतो. कुनी गेटाभाईर जायचं न्हाई."

एवढं बोलून ते घाईघाईनं नवव्या खेपेला गेले.

२

पहिला खिडकीबाहेर बघणारा चांदसाहेब. एसटीच्या आणि जीपच्या सीटा शिवणारा हा सांगलीतला जुना कारागीर. पट्टा त्याच्याच हातचा. आज तो मोठ्या डॉक्टरांना आपलं काम दाखवायला धुतलेला पायजमा घालून आला होता.

"काल सांजच्याला हितं आलतास का?" लालासाहेबांनी विचारलं.

"आलो होतो, साहेब. दुसरा पट्टा शिवायचा म्हणून हा एक दिवस घरी नेऊ का, असं विचारायला. डॉक्टर नको म्हणाले." चांदसाहेबानं खिशातून घडी घातलेला खाकी कागद काढला. "पण मी कशाला चोरू? माप माझ्याकडं आहे, शिलाई माझ्याकडं आहे. मला पाहिजे तर दोन दिवसांत दहा शिवीन."

"मग माझ्याकडं बघत का न्हाईस?"

चांदसाहेबानं मान खाली घातली. बराच वेळ तो पायजम्याची शिवण चाचपत राहिला. "गाद्यांमधला फोम," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरांना नवा म्हणून सांगितलं होतं. सीटांच्या दुरुस्तीतला उरलेला आहे. पण साहेब, नव्यापेक्षा तोच चांगला. लोकांनी बसून बसून नरम केलेला असतो."

लालासाहेबांना हसू आलं आणि हसल्यावर पोटात जे झालं त्यानं ते लगेच गंभीर झाले. म्हणजे तीस वर्षं ज्या सीटांच्या मधून ते फिरले, त्याच आता त्यांच्या पोटावर बसणार होत्या. त्यांनी चांदसाहेबाच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याला सोडून दिलं.

दुसरे डॉक्टर मानसिंग घोरपडे, भूल देणारे. धिप्पाड, रुबाबदार मिशांचे. पट्टा चालला तर या तपासणीला त्यांच्या भुलीच्या इंजेक्शनाची गरजच उरणार नव्हती, आणि ही थट्टा ते स्वतःच जेवणाच्या टेबलावर आठ महिने करत होते. आता मात्र त्यांना थट्टा सुचत नव्हती.

"काल तुमी गच्चीवर गेलता," लालासाहेब म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"तुमच्या कोटाला वास येतोय शिगरेटीचा. खाली सगळीकडं पाट्या हायेत, वढू नका म्हनून. मंग वढायची कुटं?"

घोरपड्यांनी मागं वळून दार लावलं. "हे बघा फाळके, बायकोला सांगितलंय की सोडली म्हणून. मुलांची शपथ घेतलीय. संध्याकाळी सहाला वर एक ओढतो, बस. पण पट्ट्याला मी हात लावलेला नाही. काल तर तो तिथंच वाळत होता."

"कुटं?"

"गच्चीवर. तारेवर. चिमटे लावून."

लालासाहेब पुढं झुकले. सिस्टरनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की काल संध्याकाळी पाचला आपण पट्टा कपाटात ठेवला आणि किल्ली रात्रभर आपल्या गळ्यातच होती. कुलूप शाबूत होतं. मग कुलपातला पट्टा सहा वाजता तारेवर कसा वाळत होता?

हा प्रश्न विचारायला ते निघाले खरे, पण पाय दुसरीकडेच वळले.

३

अक्षता कपाटाजवळ स्टुलावर बसून रडत होती. वय चोवीस-पंचवीस, कामाला चोख, आणि डॉक्टरांच्या रागाला नव्हे तर त्यांच्या गप्प बसण्याला घाबरणारी. तिसरी खिडकीबाहेर बघणारी तीच.

"डबा दाव बाळ," लालासाहेब म्हणाले.

तिनं डबा पुढं केला. आत फडक्यात नीट गुंडाळलेली रबरी पिशवी होती, नळी होती, फुगाही होता. फक्त कापडी पट्टा नव्हता.

लालासाहेब डब्याकडे बघतच राहिले. "ही खरी करामत. ही हितंच हाय. मंग चोरानं नेलं काय, निस्तं फडकं?"

अक्षतानं ओठ चावला आणि मग एकदमच सांगून टाकलं. कालच्या शेवटच्या पेशंटच्या वेळी पट्टा खराब झाला. डॉक्टरांची सक्त ताकीद होती, की पट्टा पाण्यात घालायचा नाही, पुसूनच घ्यायचा. रबर खराब होतं म्हणून. पण आज पुण्याचे पाहुणे येणार, आणि पट्टा असला घाणेरडा. तिनं पिशवी बाहेर काढून कपाटात ठेवली, कापड धुतलं आणि गच्चीवर वाळत घातलं. सकाळी साडेआठला आणायला गेली तर तार रिकामी होती.

"कपाट उघडून वरडलीस ती मंग नाटक केलंस?"

"नाही काका. सकाळी कुलूप काढूनच वर गेले होते, धोब्यानं काढलेला पट्टा मागं कुणीतरी डब्यात ठेवला असेल असं वाटलं. डब्यात बघितलं तर नाही. ओरडले ती खरंच ओरडले."

लालासाहेब तिला रागावले नाहीत. तिची चूक नीटनेटकेपणाची होती आणि असल्या चुका करणारी माणसं त्यांना आवडत. "तार दाव," ते म्हणाले.

दोन जिने चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. मुक्ताबाई मागून त्यांचा झगा धरून चालत होत्या, थोडा आधार म्हणून आणि थोडा जुन्या अनुभवावरून.

गच्चीवर फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. सकाळी सातला धोबी चादरी काढून घेऊन गेला होता. लांबलचक तारेवर आता एकच गोष्ट उरली होती, जुन्या लुगड्याची हातभर रुंद, लांब, मऊ पट्टी. तिच्या शेजारी दोन चिमटे नुसतेच तारेला चिकटलेले.

"हितं होता पट्टा," अक्षता रिकाम्या चिमट्यांकडे बोट दाखवत म्हणाली.

लालासाहेबांनी लुगड्याची पट्टी हातात घेतली. कडकडीत वाळलेली होती. त्यांनी ती नाकाशी नेली. धुतल्यावरही तिला शेपा-ओव्याच्या धुरीचा वास होता.

"मुक्ता, हे कशाचं गं?"

मुक्ताबाईंनी नुसता हात लावला. "बाळंतिणीचं पोट बांधायचं फडकं हाय. तुमास्नी कुटनं कळणार? दोन पोरं झाली तवा तुमी ड्युटीवर हुता."

लालासाहेब तिथंच गच्चीच्या कठड्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. तीस वर्षांत हे हसू बघितलं, की कंडक्टर लोक घाईघाईनं हिशेब जुळवायला लागत.

"समद्यास्नी खाली बोलवा," ते म्हणाले. "चोर सापडला. पन त्यो चोर न्हाईच."

४

खाली पॅसेजमध्ये पुण्याचे मोठे डॉक्टरही येऊन उभे राहिले होते. उंच, पांढऱ्या केसांचे, हातात छोटी वही. झगा घातलेला पेशंट उलटतपासणी घेतोय हे दृश्य त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं.

"पैली गोष्ट," लालासाहेब बाकावर टेकून म्हणाले. "पट्टा कपाटातनं गेलाच न्हाई, तारेवरनं गेला. ते कसं, ते इचारू नका. ती आमची आणि सिस्टरची गोष्ट हाय."

डॉक्टर सरतापे अक्षताकडे बघून काय ते समजले.

"दुसरी. नेणाऱ्याला ही करामत चोरायची असती तर त्यो रबरी पिशवी शोधत आला असता. त्यानं निस्तं कापड नेलं. म्हंजी त्याच्या लेखी कापडच खरं. पोटाला बांधायचं कापड. तिसरी. तारेवर ही लुगड्याची पट्टी ऱ्हायली. काल सांजची वाळत घातलेली, कडक वाळलेली. ही न्यायला कुनीतरी सकाळी गच्चीवर गेलं आसंल. मंग नेली का न्हाई? कारण शेजारी तिच्याहून बेस गोष्ट गावली. पोट बांधायचा नव्यासारखा पट्टा, गादी लावलेला." ते थांबले. पोटात काहीतरी हललं, पण त्यांनी दामटलं. "आता सांगा, ह्या दवाखान्यात पोटं कोण बांधतं?"

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. खालच्या मजल्यावर डॉक्टरांच्या पत्नी बाळंतपणाचा वॉर्ड चालवत. तिथं रोज सकाळ-संध्याकाळ बाळंतिणींना चोळायला, शेकायला आणि बांधायला बयाबाई येत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्या शेगडी घेऊन उभ्या होत्या. सत्तरीच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सकाळपासून त्या एकट्याच लालासाहेबांकडे सरळ बघत होत्या.

"व्हय, म्याच नेला," बयाबाई म्हणाल्या. "माजाच न्हवं त्यो?"

डॉक्टर जिन्याकडे दोन पावलं आले.

"आवं डाक्टर, गेल्या साली तुमी माज्यापाशी आला न्हवता का? मावशी, पोट कसं बांधता दावा म्हनला. खालनं वर का घेता, डाव्या अंगाला जास्ती का वढता, समदं इचारलं. दोरीनं मापं बी घेतली. मंग काल तारेवर बगितला. आगदी माज्या बांधायच्या रीतीनं शिवलेला. मला वाटलं, माज्या पोरींसाटी केला तुमी. मनाशी म्हनलं, बरा हाय डाक्टर, इसारला न्हाई."

डॉक्टर सरतापे यांचा चेहरा लाल झाला. विसरले तेच होते. आठ महिन्यांत लिहिलेल्या टिपणांत सगळं होतं, हवेचा दाब, पट्ट्याची रुंदी, पेशंटची वयं. बयाबाईंचं नाव कुठंच नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"मावशी, चूक माझी आहे," ते म्हणाले. "पण पट्टा आता कुठं आहे?"

"त्यो व्हय? शाझियाला बांधला की. सकाळच्या गाडीनं माहेरी गेली बाळाला घिऊन. इस्लामपूरला, मोमीन मोहल्ल्यात."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टर भिंतीला टेकले. पुण्याच्या पाहुण्यांनी वही मिटली.

लालासाहेब मात्र उठले. "कंची गाडी? सव्वाआठची? मंग मघाशीच पोचली. मुक्ता, सुट्टं दे. फोन करायचाय." आणि जिना उतरता उतरता ते म्हणाले, "आधी संडास, मंग फोन."

५

इस्लामपूर स्टँडच्या कंट्रोलरच्या केबिनचा नंबर लालासाहेबांना तोंडपाठ होता. तिथं तात्याबा बसायचा. वीस वर्षांपूर्वी त्याच्या गाडीत लालासाहेबांना अडीच तिकिटं कमी सापडली होती, आणि नंतर हिशेब बरोबर निघाल्यावर त्यांनी भर स्टँडवर त्याची माफी मागितली होती. तेव्हापासून तात्याबा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता.

"तात्याबा, मोमीन मोहल्ला. शाझिया, नुकती बाळंतीण, मघाशी उतरलीया. तिच्या पोटाला पट्टा हाय त्यो पायजे. वंगाळ काय मनात आनू नको, दवाखान्यातनं बोलतोय. तिच्या आईला सांग, बयाबाईंनी मागितलाय. आन् पावणेबाराच्या सांगली गाडीच्या कंडक्टरकडं दे. गाडी चुकवू नको रं गड्या."

"आमची गाडी चुकत न्हाई, साहेब," तात्याबा म्हणाला. "तुमाला म्हायती हाय."

एवढ्या वर्षांत या भागात कंडक्टरच्या हातून काय गेलं नसेल. पोरांचे डबे, पत्रिका, दम्याची औषधं, एकदा तर जावयाची विसरलेली कवळी. पण बाळंतिणीचा पट्टा मागवणारा पहिला माणूस आपणच असणार, असं लालासाहेबांना वाटलं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

एकला पाच कमी असताना रिक्षा दारात थांबली. चांदसाहेब स्टँडवर जाऊन उभा राहिला होता. त्याच्या एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट्टा होता आणि दुसऱ्या हातात झाकण बांधलेला डालड्याचा डबा.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाझियाच्या आईनं दिलंय. मावशींची वस्तू रिकामी कशी पाठवायची, म्हणून डिंकाचे लाडू. पट्ट्यानं पोरीला लय बरं वाटत होतं म्हणे, झाला की परत पाठवा म्हणून निरोप आहे."

लाडवांचा तुपाळ वास पॅसेजभर पसरला. चोवीस तास उपाशी असलेल्या लालासाहेबांनी डोळे मिटून घेतले. पेरू किंवा लिमलेटची गोळीही ज्यांनी कधी कुणाकडून घेतली नाही, त्यांना आज तो डबा घेऊन पळून जावंसं वाटलं.

अक्षतानं पट्टा स्वच्छ केला, रबरी पिशवी आत बसवली. लालासाहेब टेबलावर डाव्या कुशीवर झोपले. डॉक्टरांनी पट्टा उचलला, तेवढ्यात लालासाहेबांनी हात धरला.

"एक आट हाय. बांधणार बयाबाई."

डॉक्टर पुण्याच्या पाहुण्यांकडे वळले. "पट्टा मी शिवून घेतला, सर. बांधायची रीत यांची आहे. हे टिपणात यायला हवं होतं. आजपासून येईल."

बयाबाई हात धुऊन पुढं आल्या. त्यांनी पट्टा खालून घेतला, डाव्या अंगाला ओढ दिली, मग वर. फुगा अक्षतानं दाबला. पाहुण्यांनी विचारलं, की आधी खालून का? बयाबाईंनी त्यांच्याकडे जरा कीव करून बघितलं. "खालनं आधार दिल्याबिगार वरचं थांबतंय व्हय?" पाहुण्यांनी वही उघडली आणि त्यांचं पूर्ण नाव, गाव विचारून लिहून घेतलं.

घोरपडे इंजेक्शन भरून कोपऱ्यात उभे होते, लागलं तर असावं म्हणून. मुक्ताबाई दाराबाहेर देवाचं नाव घेत होत्या आणि मधूनमधून झग्याच्या नाड्या पक्क्या आहेत का हे विचारत होत्या.

लालासाहेबांनी टेबलाची कड घट्ट धरली. ती साताऱ्यातली कळ आता येणार, म्हणून ते वाट बघू लागले. पोटात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, वारा भरल्यासारखं वाटलं. पट्ट्याची ऊब तेवढी होती, कुणीतरी मायेनं पोटावर हात ठेवावा तशी. धीर यावा म्हणून ते बोलू लागले. वाईच्या गाडीतला टोपलीत कोंबडी लपवणारा पुजारी सांगून झाला, इस्लामपूरच्या गाडीतले तिघे तिळे भाऊ एका पासावर जाणारे सांगून झाले. घोरपडे पोट धरून हसत होते. पडद्यावर डॉक्टरांची नजर खिळलेली होती.

"डॉक्टर," शेवटी लालासाहेब म्हणाले, "आता सुरू करा की. आमी तयार हाय."

"काका, झालं," डॉक्टर म्हणाले. "शेवटच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. आतड्यात एक छोटा मांसाचा कोंब होता, मटकीएवढा. रक्त त्याचंच. नळीतल्या तारेच्या फासानं काढून टाकला. दिसायला साधाच आहे, तरी तपासायला पाठवतो. आणखी पाच-सहा वर्षं राहिला असता तर मात्र मला हसून सांगता आलं नसतं."

लालासाहेबांच्या हातातली टेबलाची कड सुटली. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला झग्याची बाही फार आखूड होती. दारातून मुक्ताबाई आत आल्या होत्या, त्यांनीच पदर पुढं केला.

"तीस वर्सं," ते पदरातूनच म्हणाले, "माज्या नजरंतनं एक मानूस बिनतिकीट सुटला न्हाई. आन् आज चार हात नळी आत जाऊन, काम करून, भाईर आली, आन् मला पत्ता न्हाई."

पुण्याचे पाहुणे मोठ्यानं हसले. त्यांची गाडी तीनची होती, पण ते लाडू खायला थांबले. पहिला लाडू बयाबाईंनी स्वतःच्या हातानं लालासाहेबांना भरवला, आणि पट्टा सोडून, नीट घडी घालून, पुन्हा इस्लामपूरला पाठवायचा की चांदसाहेबानं शाझियासाठी नवा शिवायचा, यावर खोलीत एकदमच सगळे बोलू लागले.

"नवाच शिवतो," चांदसाहेब म्हणाला. "फोम आहे माझ्याकडं. नरम केलेला."